दोन हातांचे अभयदान

आपल्या असोसिएशनच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा त्यांची अपेक्षा साहजिकच अशी असणार की, चाळीसहून अधिक वर्षे धान्याच्या ठोक व्यापारात घालविलेला माझ्यासारखा मनुष्य तुरीच्या भावातील चढउतार, बाजार समितीचा सेस, साठ्यावरील मर्यादा अथवा भरवशाच्या गुमास्त्यांची टंचाई यांपैकी एखाद्या विषयावर चार शब्द लिहील. ते विषय महत्त्वाचे आहेत, आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यात आहेत. मी मात्र या खेपेस अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, ज्याचा आपल्या खातेवहीशी काही संबंध दिसत नाही, परंतु आपल्या प्रत्येकाच्या घराशी आहे. बंद पडलेल्या हृदयाचे काम छातीवर दाब देऊन काही काळ चालते ठेवण्याची एक विद्या आहे. तिला आता सर्वत्र सीपीआर या तीन अक्षरांनी ओळखतात. ही विद्या आपल्या माध्यमिक शाळांतील आठवी, नववी व दहावीच्या मुलामुलींना दरवर्षी नियमाने शिकविली जावी, आणि त्या कामाचा आरंभ आपल्या असोसिएशनने करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून गादीवर बसलेला व्यापारी आहे. तेव्हा लिहिण्यात काही उणेअधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. २००९ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानी सकाळी तांदळाची एक लॉरी उतरून झाली होती. माझे थोरले बंधू, ज्यांना घरीदारी सर्वजण अण्णा म्हणत, गादीवर बसून वजनाच्या चिठ्ठ्या ताळत होते. वय अवघे छप्पन्न. 'जरा चहा सांगा' असे म्हणून ते उठू लागले आणि उठता उठता एका अंगावर कोसळले. पुढे जे झाले ते मी सोळा वर्षे मनात हजार वेळा पाहिले आहे. कोणी त्यांच्या नाकाशी कांदा फोडून धरला. कोणी तोंडावर पाणी मारले. दिवाणजी तळपाय चोळू लागले. मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन, अण्णा पाणी घ्या, म्हणून ओठांत चमच्याने पाणी घालीत राहिलो. त्यांच्या घशातून मधून मधून घोरल्यासारखा आवाज येत होता. तो ऐकून आम्ही एकमेकांना धीर देत होतो की, श्वास चालू आहे, आता शुद्धीवर येतील. मग गल्लीतल्या हातगाड्या बाजूला सारून टेम्पो आत घेतला आणि त्यांना रुग्णालयात नेले. या सर्वांत वीस मिनिटे गेली. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली होती; म्हणजे तिला वर्ष उलटून गेले होते. पण आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात तो आकडा आला नाही.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी तपासले आणि मला एकच प्रश्न विचारला, "आणताना वाटेत छातीवर दाब कोणी देत होते का?" मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. उलट थोडा रागही आला. आजारी माणसाच्या छातीवर दाब कोण देईल, असे मनात आले. डॉक्टरांनी मान हलविली आणि ते आत गेले. अण्णा परत आले नाहीत. आयुष्याची दोरी तेवढीच होती, असे आम्ही स्वतःस समजाविले, आणि लोकांनीही तेच समजाविले.

त्या प्रश्नाचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तो माझ्या नववीत शिकणाऱ्या नातीने सांगितला. तिच्या हायस्कुलात एक डॉक्टर येऊन दोन तासांचे प्रात्यक्षिक करवून गेले होते. संध्याकाळी ती गोदामात आली, कोंड्याचे एक घट्ट शिवलेले पोते आडवे पाडून त्याच्याशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मोठ्याने आकडे मोजीत पोते दाबू लागली. हमाल हसू लागले. मी विचारले, हे काय चालले आहे? तिने सर्व समजावून सांगितले, आणि सांगता सांगता सहज म्हणाली, "आजोबा, माणूस नुसता घोरल्यासारखा आचके देत असला तर तो श्वास धरायचा नाही. हृदय थांबलेले असते. लगेच दाबायला सुरुवात करायची." मी तेथेच पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलो. त्या दिवशी दुकानात आम्ही अकरा माणसे होतो. त्यांतील सहा हमाल असे की पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढून जातील. बळ भरपूर होते, हात बावीस होते, आणि त्या हातांनी आम्ही कांदा फोडत होतो. छाती दाबली असती तर अण्णा वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. तसे कोणालाही म्हणता येणार नाही. पण जी संधी त्यांना मिळावयास हवी होती ती आमच्या अज्ञानामुळे मिळाली नाही, हे मात्र खरे आहे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो, येथूनच घोटाळ्यास सुरुवात होते. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी नळी तुंबते. छातीत कळ येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, परंतु मनुष्य बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलतो. त्याला बसवून, धीर देऊन, विलंब न लावता रुग्णालयात न्यावयाचे असते. त्याची छाती दाबावयाची नसते. हृदय बंद पडणे म्हणजे रक्त पुढे ढकलणारा पंपच थांबणे. पुष्कळदा हृदयाच्या आतील विजेची लय बिघडते आणि ते नुसते थरथरत राहते. रक्त पुढे जात नाही. मनुष्य कोसळतो, हाकेला उत्तर देत नाही, आणि श्वास एक तर थांबतो किंवा तसे तुटक आचके येतात. झटक्याचे पर्यवसान अशा बंद पडण्यात होऊ शकते, पण इतर कारणांनीही ते होते. विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, गुदमरणे ही त्यांपैकी काही होत. यानंतर साधारण चार ते सहा मिनिटांत प्राणवायूच्या अभावी मेंदूची हानी सुरू होते. काहीच न केल्यास जगण्याची शक्यता प्रत्येक मिनिटास शेकडा सात ते दहाने घटत जाते. आता आपणच हिशेब करा. बाजाराच्या वेळी रविवार पेठेत रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचेल? तिच्या चालकाचा काही दोष नाही. दोष असेल तर आपल्या लॉऱ्यांचा आणि हातगाड्यांचा. जे काही करावयाचे ते पहिल्या पाच मिनिटांत, जवळ असेल त्यानेच करावे लागते.

आणि करावयाचे तरी किती थोडे! जागा सुरक्षित आहे, उघडी वीज वगैरे नाही, हे पाहावे. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर नसेल तर एकास १०८ वर दूरध्वनी करण्यास सांगावे. एकटे असाल तर दूरध्वनीचा आवाज मोठा करून तो शेजारी ठेवावा. श्वास नेहमीसारखा चालू आहे की नाही हे दहा सेकंदांहून अधिक न घालविता पाहावे. नसेल तर माणसास कठीण जमिनीवर उताणे निजवावे; गादीवर नव्हे, कारण मऊ गादी सारा दाब खाऊन टाकते. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवून अंगाच्या भाराने प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबावे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटास १०० ते १२० दाब. दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो. मदत पोहोचेपर्यंत अथवा मनुष्य हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये. ज्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे ते तीस दाबांनंतर दोन वेळा तोंडाने श्वास देतात. बुडालेल्या माणसास आणि लहान मुलांस त्या श्वासाची विशेष गरज असते. न शिकलेल्याने अथवा संकोच वाटणाऱ्याने मोठ्या माणसाची नुसती छाती दाबीत राहिले तरी चालते.

पायलीने धान्य मोजले जाई त्या काळी आपले मापाडी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत आणि मग दोन, तीन असे एका ठेक्यात मोजीत जात. आमच्या म्हाताऱ्या हमालाने गोदामात नातीकडून शिकताना पहिल्या दाबाला नकळत 'लाभ' म्हटले. पोरीला हसू आले. मला मात्र वाटले की, या मोजणीला याहून योग्य आरंभ कोणता असणार? मीही प्रयत्न करून पाहिला. "आजोबा, कोपर वाकवू नका," असे तिने तीन वेळा बजाविले. एका मिनिटात मला धाप लागली. तेव्हा कळले की हे काम बोलण्यास सोपे असले तरी सरावाशिवाय होणारे नाही, आणि म्हणूनच ते शाळेत, हात तयार होण्याच्या वयात शिकले पाहिजे.

या विद्येचा इतिहास आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी कौतुकाने ऐकावा असा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे प्राध्यापक होते. ते वैद्य नव्हते. विजेचे अभियंते होते. कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग चालू असता त्यांचे सहकारी निकरबॉकर यांच्या ध्यानात आले की, धक्का देणारे जड पत्रे छातीवर दाबले की तेवढ्यानेच रक्ताचा दाब वाढतो. त्यावरून त्या दोघांनी व शस्त्रवैद्य ज्यूड यांनी १९६० साली असे प्रसिद्ध केले की, छाती न फाडता, बाहेरून हातांनी दाबून रक्त खेळते ठेवता येते. त्या मुक्या जिवांचे ऋण आपल्या धर्माच्या माणसाने तरी विसरता कामा नये. त्याच सुमारास पीटर सफार या वैद्यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध करून दाखविली. दोन्ही मिळून आजचा सीपीआर झाला. पण लोकांना शिकवावयाचे कशावर? जिवंत माणसाच्या चालत्या हृदयावर सराव करता येत नाही. येथे नॉर्वेतील स्टाव्हांगर गावचा एक खेळण्यांचा कारखानदार पुढे आला. त्याचे नाव आस्मुंड लार्डाल. त्याचा स्वतःचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता. बाहुल्या करण्याचे आपले कसब वापरून त्याने माणसाएवढा सरावाचा पुतळा तयार केला. त्या पुतळ्याचा चेहरा त्याने पॅरिसच्या सीन नदीत सापडलेली अनामिक मुलगी म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका मुखवट्यावरून घेतला. वैद्य, अभियंता आणि व्यापारी अशा तिघांच्या हातांनी ही विद्या लोकांपर्यंत पोहोचली आहे. व्यापाऱ्याचा वाटा त्यात लहान नाही.

नॉर्वेने १९६१ सालीच शाळांतून हे शिक्षण सुरू केले. डेन्मार्कने २००५ मध्ये ते शाळांत सक्तीचे केले आणि पुढच्याच वर्षी वाहन परवाना घेणाऱ्यांसही ते लागू केले. तेथील आकडे पुढे प्रसिद्ध झाले आहेत. रुग्णालयाबाहेर ज्यांचे हृदय बंद पडले त्यांपैकी २००१ साली शेकडा २१ जणांना जवळच्या माणसांनी छातीदाब दिला होता. २०१० मध्ये हे प्रमाण जवळजवळ शेकडा ४५ वर गेले. तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात शेकडा साडेतीनवरून १०.८ वर गेले. व्यापारी प्रामाणिक असेल तर त्याने आकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुग्णवाहिका व रुग्णालयेही त्या काळात सुधारली होती, तेव्हा सारे श्रेय एकट्या शाळांना देता येणार नाही. शिवाय शंभरांतील सुमारे नव्वद माणसे तेव्हाही दगावतच होती. सीपीआर ही संजीवनी नव्हे. परंतु शंभर घरांपैकी आणखी सात घरांत कर्ता माणूस परत आला, ही जमेची बाजू लहान आहे, असे कोण म्हणेल?

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, बाराव्या वर्षापासून प्रत्येक शाळकरी मुलास वर्षाकाठी दोन तास हे शिक्षण द्यावे, या प्रस्तावास मान्यता दिली. इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून ते सरकारी माध्यमिक शाळांच्या आरोग्यशिक्षणात घातले. आपल्या देशातही भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची सोपी पद्धत ठरवून दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशव्यापी प्रशिक्षण मोहीम काढली. अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा सारा कर्नाटक हळहळला. पुढे त्यांच्या नावाने हृदयज्योती योजना निघाली. ही सर्व पावले योग्यच आहेत. पण मोहीम एक दिवस येते आणि जाते. शाळेचा वर्ग मात्र दर जून महिन्यात पुन्हा भरतो.

माध्यमिक शाळाच का, असे कोणी विचारील. कार्डिफ येथील मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे वजन व बळ पुरे पडत नाही, परंतु तेरा-चौदा वर्षांची मुले मोठ्यांइतकाच परिणामकारक दाब देऊ शकतात. हे झाले शरीराचे. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग रस्त्यात नव्हे, घरात घडतात. आपल्या व्यापारी घरांतून दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात कोण असते? आपण दुकानी, सुना कोणी नोकरीत, कोणी बाजारात. घरी राहतात आजी, आजोबा आणि शाळेतून आलेली मुले. म्हणजे ज्याच्यावर संकट येण्याचा संभव अधिक तो, आणि त्या वेळी जवळ असण्याचा संभव अधिक ते, दोघे एकाच छपराखाली आहेत. या मुलांना शिकविणे हे परोपकाराचे काम आहेच, पण तुमच्याआमच्या स्वार्थाचेही आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण कार्यकारिणीतील काही मित्रांशी बोलताना ते मी ऐकले आहेत. अभ्यासाचा बोजा वाढेल, हा पहिला. वर्षाला दोन तास म्हणजे एका क्रिकेट सामन्याच्या निम्मा वेळही नव्हे. मुले चूक करून बरगडी मोडतील, हा दुसरा. बरगडी मोडू शकते, तज्ज्ञांच्या हातूनही मोडते. पण मोडलेली बरगडी सांधते, थांबलेले हृदय आपोआप चालू होत नाही. शिवाय ज्याचे हृदय चालू आहे तो दाबताच हातपाय हालवितो, आणि हात काढून घेता येतो. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, हा तिसरा. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास संरक्षण देणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये दिला आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्यास कलमाचे रूप दिले. घरातल्या अथवा दुकानातल्या प्रसंगास ते कलम शब्दशः लागू नसले, तरी आपल्या वडिलांचा जीव वाचवू पाहणाऱ्या पोरीच्या मागे कोण पोलीस लागणार आहे? मुलींचा स्पर्श, तोंडाला तोंड, असा चौथा आक्षेप एका वयोवृद्धांनी घेतला. नुसत्या छातीदाबात तोंडाचा प्रश्न येत नाही, आणि सराव पुतळ्यावर होतो. मुलींना यातून वगळण्याचा विचार तर मुळीच मनात आणू नये; आमच्या घरी ही विद्या मुलीच्याच पावलांनी आली आहे.

पाचवा आक्षेप अधिक खोल आहे. आयुकर्म संपले की कोण थांबविणार, असे आपले वडीलधारे म्हणतात, आणि अण्णांच्या वेळी मीही हेच म्हणून समाधान करून घेतले होते. मी पंडित नव्हे. स्वाध्यायात जे ऐकले तेवढे सांगतो. शास्त्राने आयुष्याचे अपवर्त्य व अनपवर्त्य असे दोन प्रकार मानले आहेत, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसांचे आयुष्य विष, शस्त्र, अग्नी अशा बाह्य निमित्तांनी अकाली खुंटू शकते हेही सांगितले आहे. मग निमित्ताने जे खुंटू शकते ते वाचविण्याचेही निमित्त होण्यास आपण का कचरावे? समोर पडलेल्याचे आयुकर्म संपले की नाही हे केवलज्ञानीच जाणोत. आपल्याला ते कळत नाही, म्हणूनच प्रयत्न हे आपले कर्तव्य ठरते. ज्यांनी गुरूच्या आज्ञेने विधिपूर्वक सल्लेखना घेतली आहे, त्यांची गोष्ट निराळी. तेथे कोणी हात लावण्याचा प्रश्नच नाही. असाध्य दुखण्यात घरच्यांनी व डॉक्टरांनी आधी जे ठरविले असेल तेही तसेच पाळावे. पण गादीवरून उठता उठता कोसळणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या माणसाने कोणते व्रत घेतलेले असते? आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या परंपरेने श्रावकास सांगितली. मुलांना ही विद्या देण्यात शास्त्रदान व अभयदान दोन्ही एकत्र येतात, अशी माझी अल्पमती सांगते.

शेवटी थोडे अप्रिय लिहितो. आपल्या असोसिएशनने मार्केट यार्डाच्या रस्त्यावर देणगीदारांच्या नावांसह एक भव्य स्वागतकमान उभारण्याचे ठरविले आहे आणि या स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरणारी रक्कम त्या निधीस जावयाची आहे. त्या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता, आणि दगडावर अण्णांचे नाव कोरले जावे म्हणून रक्कमही कबूल केली होती. आज मी आपणांस विनंती करतो की, कमान दोन वर्षे पुढे ढकलावी. कमान रद्द करा असे म्हणत नाही. दगडाला घाई नसते. मध्यंतरी मी एका सभासदास म्हटले की आपण पुतळे घेऊ, तर ते दचकून म्हणाले, "कमानीवरून वाद मिटेना, आता पुतळा कोणाचा?" पुतळा कोणाचाही नाही, छाती दाबून पाहण्याचा आहे. अशा पुतळ्यांचा एक संच आपण घ्यावा आणि तो शाळाशाळांतून फिरता ठेवावा. आपले किती तरी सभासद शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांस गावातील डॉक्टरांकडून तयार करवून घ्यावे, म्हणजे दरवर्षी पाहुण्यांची वाट पाहावी लागणार नाही. हात न चालविल्यास ही विद्या काही महिन्यांतच विसरते, म्हणून आठवीत शिकविलेले नववीत व दहावीत पुन्हा करवून घ्यावे. आपल्या गावात मराठी, कानडी, उर्दू व इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत; त्या सर्वांत हे जावे. कोसळलेल्या माणसाची भाषा विचारून कोणी छाती दाबीत नाही.

त्याबरोबरच यार्डातील हमाल, मापाडी व दिवाणजी यांचा एक वर्ग दिवाळीपूर्वी घ्यावा. प्रत्येक पेढीवर दूरध्वनीजवळ १०८ हा आकडा व दुकानाचा नेमका पत्ता ठळक अक्षरांत लावावा, कारण घाबरलेल्या माणसास स्वतःचा पत्ताही सुचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. हृदयाची बिघडलेली लय विजेच्या धक्क्याने पुन्हा ताळ्यावर आणणारे, आपणच बोलून सूचना देणारे एक यंत्र मिळते; त्याला एईडी म्हणतात. पुढेमागे शक्य झाल्यास असे एक यंत्र यार्डाच्या कचेरीत ठेवावे. ते महाग आहे, म्हणून मी ते शेवटी लिहिले. हात मात्र फुकट आहेत, आणि ते आधी तयार झाले पाहिजेत.

मी कमानीसाठी कबूल केलेली रक्कम या कामास देण्याची तयारी असल्याचे सचिवांस लेखी कळविले आहे. तिच्याबद्दल अण्णांचे नाव कोठेही कोरू नये. येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव रीतसर मांडणार आहे. त्यास कोणी अनुमोदन द्यावे, आणि ज्यांना तो पटणार नाही त्यांनी उघडपणे विरोध करावा. पण सभेस येण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या गादीवर बसून, या क्षणी शेजारचा माणूस कोसळला तर आपण नेमके काय करू, एवढे स्वतःस विचारून यावे. सोळा वर्षांपूर्वी मला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. आज आमच्या दुकानातील नऊ माणसांना ते ठाऊक आहे.

कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.